टेक्ससमध्ये बांधकाम करताय? शेवटचे दहा टक्के सोडण्याआधी या चुका टाळा

डॅलस-ह्यूस्टनकडची आपली बरीच मंडळी घर, क्लिनिक, दुकान बांधून घेतात. कॉन्ट्रॅक्टर निवडताना दहा जणांना विचारतात आणि पैसे सोडताना मात्र घाई करतात. त्याच त्या चुका बघून जीव हळहळतो.

सगळ्यात महागात पडते ती ही समजूत: "करारात रिटेनेजचं (बिलातला काही भाग रोखून ठेवण्याचं) कलमच नाही, मग रोखायचं कशाला?" पुण्या-मुंबईत हा करारातला विषय असतो, 5 टक्के लिहिलं तर 5. टेक्ससमध्ये प्रॉपर्टी कोडचा 53वा अध्याय ही जबाबदारी थेट मालकावर टाकतो. कराराच्या रकमेचे किंवा झालेल्या कामाच्या किमतीचे 10 टक्के काम चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर पुढे 30 दिवस मालकाने स्वतःकडे ठेवायचे. हे पैसे सबकॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहेत. ते रोखले नाहीत, तर तेवढ्या रकमेपुरता त्यांचा लियन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठीचा कायदेशीर बोजा, तुमच्या जागेवर चढू शकतो, मग तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पै न पै चुकती केलेली असो.

ओळखीतल्या एका डेंटिस्टबाईंनी 4,00,000 डॉलरचं क्लिनिक बांधून घेतलं. काम संपल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर ॲफिडेव्हिट घेऊन हजर: सगळ्यांची देणी दिली आहेत, आता माझं बिल पूर्ण करा. बाईंनी तिथेच चेक फाडून दिला. तिसऱ्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनने काउंटी क्लर्ककडे (काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत) 28,000 डॉलरचा लियन नोंदवला. त्याची नोटीस आधीच वेळेत आली होती, पण पाकीट न उघडताच फाइलला लागलं होतं. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना. 40,000 रोखलेले असते तर त्यातून सहज भागलं असतं. ते 28,000 बाईंना पुन्हा खिशातून भरावे लागले.

ॲफिडेव्हिट खोटं निघालं तर कॉन्ट्रॅक्टर गोत्यात येतो, पण तेवढ्याने लियन उतरत नाही. म्हणून मी प्रत्येक बिलातून 10 टक्के कापून वेगळ्या खात्यात टाकायला लावतो. "शेवटी एकदम कापू" म्हणणाऱ्यांच्या हाती शेवटी तेवढं बिल उरतच नाही. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरतो, कुरकुरू दे. लियन वेव्हरही (लियनचा हक्क सोडल्याचा कागद) थेट प्रत्येक सबकॉन्ट्रॅक्टरकडून घ्यावा, कायद्यातल्या ठरलेल्या नमुन्यातच: पैसे देण्याआधी कंडिशनल (पैसे मिळाले तरच लागू होणारा), चेक वटल्यावर अनकंडिशनल (बिनशर्त). नेटवरून उचललेला फॉर्म वापरून वेळ वाचवू नका.

30 दिवस उद्घाटनापासून किंवा ऑक्युपन्सी सर्टिफिकेटपासून मोजू नका. चेंज ऑर्डरसकट (म्हणजे करारानंतर ठरलेल्या बदलांसकट) काम प्रत्यक्ष पूर्ण झालं, तो दिवस धरा. वॉरंटीतली डागडुजी त्यात येत नाही.

चेंज ऑर्डरने रक्कम वाढली की 10 टक्केही वाढतात.

सर्टिफाइड मेल त्याच दिवशी उघडा. सबकॉन्ट्रॅक्टरची नोटीस आली की त्याच्या मागणीएवढी रक्कम बाजूला ठेवा आणि वाद मिटेपर्यंत कॉन्ट्रॅक्टरला देऊ नका.

"आमचा बाँड आहे" या तोंडी शब्दावर जाऊ नका. कायद्याप्रमाणे पेमेंट बाँड (सबकॉन्ट्रॅक्टर आणि पुरवठादारांचे पैसे मिळण्याची हमी) करारासह काउंटीत नोंदवलेला असेल, तरच रोखण्याची सक्ती सुटते. नोंदणीची प्रत मागा.

आणि 30 दिवस उलटले म्हणून लगेच चेक लिहू नका. आधी काउंटी क्लर्कच्या नोंदी तपासा. तिथे लियन दिसला तर पैसे तसेच ठेवून वकील गाठा.