दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश : कागद, पैसे आणि पहिलं वर्ष

शासकीय कृषी महाविद्यालयाची फी इंजिनिअरिंग-मेडिकलच्या मानाने कमी, म्हणून कोकणातली बरीच घरं खर्चाचा हिशेब मांडतच नाहीत. मार्क चांगले आहेत म्हणून कागदांकडेही लक्ष नसतं. मग जागा हुकते ती एखाद्या दाखल्यापायी, आणि पहिल्या वर्षी ओढाताण होते ती शिष्यवृत्ती उशिरा आल्यामुळे. बारावीच्या दिवाळीतच कामाला लागलात तर दोन्ही टळतं.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. दापोलीचं कृषी महाविद्यालय त्याहून जुनं, १९६५ चं. पण ‘दापोली विद्यापीठ’ म्हणजे सगळं दापोलीत असं नाही. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी दापोलीत आहेत. मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, उद्यानविद्येचं दुसरं महाविद्यालय कुडाळ तालुक्यात मुळद्याला. पसंतीक्रम भरताना गावाचं नाव नीट वाचा.

सातबाऱ्यापासून सुरुवात

शेतकरी कुटुंबातल्या मुलांना कृषीच्या गुणवत्ता यादीत अधिभार म्हणजे जादा गुण मिळतात. किती आणि कोणाला, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं. दाखलाही पुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच लागतो, वेगळ्या मजकुराचा चालत नाही. कोकणातली अडचण त्याच्या आधीच येते. सातबारा अजून आजोबांच्या, काही घरांत पणजोबांच्या नावावर असतो. वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला. वडिलांचं नावच नसेल तर मुलाला शेतकरी कुटुंबातला म्हणून दाखला मिळताना अडतं.

त्यासाठी वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. ऑनलाइन ई-हक्कवरूनही देता येतो. फेरफार धरला की सगळ्या वारसांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्जात एखाद्या आत्याचं नाव राहिलं तर हरकत येते आणि सगळं पुन्हा सुरू होतं, म्हणून लग्न होऊन गेलेल्या बहिणी-आत्यांची नावं आधी लिहा. कागदावर हे महिन्याभराचं काम, प्रत्यक्षात दोन-तीन महिने धरा. नोंद झाल्यावर डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो.

जात पडताळणी

राखीव प्रवर्गातल्या मुलांसाठी हा सगळ्यात वेळखाऊ कागद. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा जातीचा आणि राहत्या ठिकाणाचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर काम सोपं. नसेल तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा, नाहीतर तहसील कार्यालयातून गाव नमुना १४ म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळवा.

जुन्या नोंदीत बहुतेक वेळा आडनाव नसतं. नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात. आज तुम्ही गावावरून ‘कर’ लावत असाल आणि चुलत्यांनी वेगळंच आडनाव घेतलं असेल, तर पडताळणी समितीसमोर हे एकच घराणं आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्या आणि प्रत्येक पिढीचा निदान एक कागद जोडा. सख्ख्या चुलत्याला किंवा चुलत भावंडाला आधीच वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्याची प्रत अर्जाला लावा, काम बरंच हलकं होतं. अनुसूचित जमाती सोडून बाकी प्रवर्गांचा अर्ज जिल्हा समितीकडे जातो. अनुसूचित जमातीसाठी कोकण विभागाची समिती ठाण्याला आहे, तिथल्या फेऱ्यांचा वेळ आणि भाडं आधीच धरा.

ओबीसी वगैरेंना लागणाऱ्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षात घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालेल असा दाखला हवा. म्हणजे २०२६-२७ साठी ३१ मार्च २०२७ पर्यंतचा. जुना दाखला मार्चमध्ये संपलाय हे जूनमध्ये फॉर्म भरताना कळतं आणि तेव्हा सेतूमध्ये रांग असते. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला राज्याच्या नमुन्यात काढावा. केंद्राच्या नमुन्यातला दाखला दिसायला तसाच असतो, पण राज्याच्या प्रवेशाला चालत नाही.

सीईटी आणि पसंतीक्रम

पदवीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून, एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतात. कृषीला पीसीबी (जीवशास्त्राचा) किंवा पीसीएम (गणिताचा), कोणताही गट चालतो. कृषी अभियांत्रिकीला गणित हवं, म्हणून नुसतं जीवशास्त्र ठेवणाऱ्यांनी अकरावीतच विचार करावा. सीईटीत साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सीईटीचा अर्ज आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत, दोन वेगळ्या वेळी भरायचे. परीक्षा दिली, पर्सेंटाइल आले आणि मग ‘आता कॉलेजचं पत्र येईल’ म्हणून घरी थांबलेली मुलं दरवर्षी असतात. निकालानंतर कृषीसाठी स्वतंत्र नोंदणी करायची, कागद अपलोड करायचे, तात्पुरती यादी आली की नाव, प्रवर्ग आणि अधिभार तपासायचा. चूक असेल तर तक्रारीच्या मुदतीतच दुरुस्ती होते, आणि ही मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. सायबर कॅफेत फॉर्म भरलात तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. ओटीपी कॅफेवाल्याच्या फोनवर जात राहिला तर पुढची प्रत्येक पायरी त्याच्या सवडीने होईल.

पसंतीक्रमात घटक आणि संलग्न हा फरक पाहा. घटक महाविद्यालय विद्यापीठाचं स्वतःचं असतं. संलग्न महाविद्यालय खासगी, बहुतेक विनाअनुदानित, फी कितीतरी पट. पदवी एकच विद्यापीठ देतं आणि यादीत दोन्ही एकाखाली एक येतात, त्यामुळे गफलत होते. प्रत्येक नावापुढचा प्रकार आणि फी वहीत लिहून काढा, मगच क्रम लावा. जे खरोखर हवं तेच पहिलं टाका. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की पुढच्या फेरीची वाट सहसा बंद होते. ‘बघू तरी लागतंय का’ म्हणून टाकलेलं लांबचं कॉलेज असंच गळ्यात पडतं.

पैसे कधी लागतात

एका कागदावर तीन रकाने करा : एकदाच, दर सत्राला, दर महिन्याला. एकदाच लागणारी रक्कम म्हणजे अनामती (ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, मेस), गादी, बादली, गमबूट, रेनकोट. सत्राला फी, परीक्षा शुल्क, प्रात्यक्षिक वह्या. महिन्याला मेस, रिचार्ज, झेरॉक्स, घरी जाण्याचं भाडं. सगळ्यात जड रकाना तिसरा. समजा मेसचा दिवसाचा खर्च ११० रुपये आला, तर महिन्याचे ३,३०० आणि दहा महिन्यांचे ३३,०००. मेस मुलंच चालवत असतील तर दर महिन्याला वाटणी बदलते. घरी जाताना मेस सेक्रेटरीकडे आधी लेखी नोंद केली तरच खाडा धरतात, आल्यावर सांगून उपयोग नाही. किमान किती सलग दिवसांचा खाडा चालतो हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

शिष्यवृत्तीचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे, आणि ते दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरण म्हणून भरावेच लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. तिची मर्यादा आठ लाख, शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा अर्धा भाग मिळतो, कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. ही माफी केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या प्रवेशालाच मिळते. संस्था पातळीवर किंवा व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हक्क जातो. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा आहे. त्यासाठी अल्पभूधारक दाखला सातबाऱ्याबरोबरच काढून ठेवा.

पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण बँक खातं. खात्याला आधार ‘जोडलेलं’ असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी, ‘सीड’ झालेलं असणं या दोन गोष्टी आहेत. रक्कम शेवटच्या सीड झालेल्या खात्यात जाते. दापोलीत नवीन खातं उघडताना बँकेने तेच सीड केलं, तर पुढचा हप्ता गावच्या खात्यात न येता इथे येतो आणि तिकडे वडील पासबुक भरून आणत राहतात. दुसरं कारण म्हणजे कॉलेजकडून त्रुटीसाठी परत आलेला अर्ज. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तसाच पडून राहतो, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा लॉगिन करून पाहाच.

हप्ते वर्षअखेर किंवा त्यानंतरही येतात, हे धरूनच चाला. पहिल्या सत्राची फी, अनामती आणि चार महिन्यांची मेस एवढी रोकड हाताशी ठेवून प्रवेश घ्या. नसेल तर बँकेत जा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. हे कर्ज मेस-वसतिगृहाच्या खर्चासाठीही मिळतं. प्रवेशपत्र आणि कॉलेजच्या लेटरहेडवरचं चार वर्षांचं खर्चपत्रक मागून घ्या, त्याशिवाय बँक फाइल पुढे सरकवत नाही.

पोचणं आणि राहणं

सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन खेड, तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर, एसटीने. रात्री उशिराच्या गाडीने खेडला उतरलात तर पहाटेपर्यंत बसची आशा धरू नका. एसटीत महिलांना तिकीट अर्धं आहे, आणि रोज जा-ये करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मासिक पासला दोन तृतीयांश सवलत. खेड किंवा मंडणगडहून रोज ये-जा परवडते, पण सकाळच्या प्रात्यक्षिकाला पोचण्याची गाडी आहे का ते आधी पाहा. गणपतीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि त्याच सकाळी संपतं.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच द्या. जागा नाही मिळाली तर गिम्हवणे, जालगाव या बाजूला खोल्या मिळतात. खोली पाहताना दोन गोष्टी पाहा : पावसाच्या बाजूची भिंत ओल धरते का, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी असतं का. इथे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात टँकर येतात, कारण जांभ्यात पाणी ठरत नाही.

पावसाळ्यात कपाटातले बूट, पट्टे, पुस्तकं सगळ्यांना बुरशी येते. मूळ कागदपत्रं झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. प्रमाणपत्रं लॅमिनेट मात्र करू नका, पडताळणीत शिक्का तपासायला अडचण येते. लॅपटॉप रोज थोडा वेळ तरी चालू करा, बंद पडून राहिलेला लवकर बिघडतो.

भाताच्या खाचरात अनवाणी उतरण्याची हौस असली तरी पायाला चीर किंवा जखम असेल तर उतरू नका. कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) आहे आणि तो उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून शिरतो. चिखलात काम केल्यावर पुढच्या पंधरवड्यात ताप आणि पिंढऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना ‘शेतात उतरलो होतो’ हे आपणहून सांगा. गवत कापताना फुरसं हा विषारी साप असतो. चावलं तर चिरा मारू नका, करकचून बांधू नका, पाय न हलवता थेट उपजिल्हा रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करताना प्रक्षेत्राचं (कॉलेजच्या शेताचं) फाटक कोणतं ते सांगा.

तण किंवा वनस्पतींचा संग्रह करायला सांगितला की काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पावसाळी हवेत वर्तमानपत्रात दाबलेली वनस्पती दुसऱ्याच दिवशी काळी पडायला लागते. कागद पहिले पाच-सहा दिवस रोज बदला, ओले कागद इस्त्रीने वाळवून परत वापरा, जाड देठ उभा चिरून अर्धा करा. सगळं कुरकुरीत वाळल्यावरच साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर शिवा. कीटकांच्या पेटीचंही तसंच. टोचलेले कीटक ६० वॅटच्या साध्या बल्बखाली दोन-तीन दिवस ठेवून मग पेटीत लावा आणि कोपऱ्यात डांबरगोळी टाचून ठेवा. नाहीतर परीक्षेच्या सकाळी पेटी उघडली की फुलपाखरांवर पांढरी बुरशी.

हजेरी ७५ टक्के लागते आणि तासिका व प्रात्यक्षिक यांची ती वेगवेगळी मोजतात. प्रात्यक्षिक आठवड्यातून एकदाच असतं, त्यामुळे सत्रात ते पंधरा-सोळा वेळाच होतं. गणपतीला दोन प्रात्यक्षिकं चुकली, आजारपणात एक गेलं, घरच्या कामापायी आणखी एक, तर चारात मर्यादा गाठली जाते. रजेचा अर्ज जाण्याआधी वर्गसल्लागारांकडे द्या, आजारपणाचं प्रमाणपत्र परत आल्याच्या दिवशीच. चौथ्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे गावातल्या शेतीकामाच्या अनुभवासाठी, गावात मुक्कामी राहावं लागतं. तिथे शेतकऱ्याकडे जाणं-येणं, फलक, प्रात्यक्षिकाचं साहित्य यांचा खर्च गटात विभागला जातो, तो तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच बाजूला काढा. अनामतीच्या पावत्या मात्र पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा, कारण चौथ्या वर्षी ना-देय दाखला घेऊन रक्कम परत मागताना मूळ पावती मागतात.