प्लेटला भोके पाडण्याआधी

पाण्याच्या मोटारीखाली बसवायच्या ८ मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटला १० मिमीच्या बोल्टांसाठी ११ मिमीची चार भोके पाडायला घेतली आणि तिसरे २ मिमी सरकले. पुन्हा तसे होऊ नये म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

गुण्या, पट्टी, स्क्राइबर (रेघ कोरायची टोकदार सळई) हे सांगायला नको. रेघांच्या छेदावर ६० अंशांचा पंच हलकेच ठोकावा, खूण भिंगातून पाहावी आणि जागेवर असेल तरच ९० अंशांच्या सेंटर पंचने ती खोल करावी.

यानंतर डिव्हायडरने त्या खुणेभोवती दोन वर्तुळे कोरावीत, एक पायलटच्या, म्हणजे मोठ्या भोकाआधी पाडायच्या लहान भोकाच्या मापाचे, ५ मिमीचे, आणि दुसरे ११ मिमीचे. मागच्या वेळी मी नेमके हेच गाळले. वर्तुळे कोरावीत, कारण बिटाने पाडलेला पहिला खळगा मधोमध आहे की एका अंगाला गेला आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. माझे पायलटच सरकले होते आणि मोठे बिट निमूटपणे त्याच्यामागे गेले. खळगा पडताच थांबावे, कीस झटकावा, वर्तुळ पाहावे. पायलट तिरके गेलेच असेल, तर योग्य बाजूची कड गोल कानशीने खाऊन मध्य ओढून घ्यावा, पण मोठे बिट लावण्याआधी. ते पूर्ण रुंदीने कापू लागल्यावर हातात काही उरत नाही.

प्लेट क्लॅम्पने जखडावी, खाली लाकूड ठेवावे आणि हातमोजे घालू नयेत, कारण बिट मोज्याला पकडून हात ओढून नेते. पायलटला मिनिटाला साधारण १५०० फेरे, ११ मिमीला ७००, आणि तेल सढळ घालावे. बीड (ओतीव लोखंड) मात्र कोरडेच कापावे.

चुकलेल्या भोकासाठी कानशीने लांबट करून जाड वॉशर घालणे हा सोपा उपाय आहे, पण थरथरणाऱ्या मोटारीखाली मला तो पटत नाही. भोक १२ मिमीचे करून १४ मिमीचे आटे पाडावेत, त्याच जातीच्या लोखंडाचा आटेदार डाट घट्ट पिळावा, दोन्ही बाजूंनी वेल्ड करून कानशीने सपाट करावा. नवे भोक डाटाची कड कापत जाणार असल्याने वेल्ड टाळू नये. मग पुन्हा खूण, पंच आणि वर्तुळे, डाटावरसुद्धा. बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर, काढावी, बोल्ट हाताने बसवून पाहावेत.