कोकणातल्या घरी लग्न: आचारी, मांडव आणि वाजंत्री इंटरनेटवरून कसे ठरवावेत

गावच्या खळ्यात मांडव घालून लग्न करायचे आणि त्याची बहुतेक बोलणी मात्र मुंबईत बसून फोनवर करायची, ही वेळ आज अनेक चाकरमानी कुटुंबांवर येते. पूर्वी वाडीतला एखादा जाणता माणूस हे काम अंगावर घेत असे. आचारी कोणत्या गावचा, भांडी कोणाकडची, वाजंत्र्यांना किती दिवस आधी सांगायचे, हे सारे त्याला तोंडपाठ असे. असा माणूस आजही आपल्या घरात असेल तर पहिला फोन त्यालाच करावा. नसेल तर इंटरनेटवर नावे पुष्कळ सापडतात; परंतु ज्या गोष्टींवाचून कोकणातले लग्न अडते, म्हणजे रस्ता, पाणी, वीज आणि पावसाची सोय, त्या कोणत्याही संकेतस्थळावर लिहिलेल्या नसतात. त्या आपणच गोळा करून समोरच्याला सांगायच्या असतात.

तारीख धरताना मुहूर्ताबरोबर मागणीचाही विचार करावा. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, पण मुलांच्या सुट्ट्या आणि चाकरमान्यांची रजा यांमुळे गावाकडची खरी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते. त्यातच अधिक महिना आला, जसा २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे, तर एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा यांवर सगळा भार पडतो. अशा वर्षी आचारी आणि भटजी सहा महिने आधी सांगून ठेवलेले बरे. वऱ्हाड रेल्वेने येणार असेल तर आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, हे कॅलेंडरवर खूण करून ठेवावे, कारण सुट्टीच्या दिवसांत कोकण रेल्वेच्या गाड्या पाहता पाहता भरतात. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि पुष्कळांच्या डोक्यात अजून तोच हिशेब असतो.

आता मुख्य काम. कोणालाही दर विचारण्यापूर्वी लग्नघराचे एक टिपण तयार करावे आणि सोबत फोनवर घेतलेले दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण जोडावे. डांबरी रस्ता कोठे संपतो, टेम्पो कोठपर्यंत येतो, खळे किती लांब-रुंद आहे, विहिरीला मे महिन्यात पाणी असते का, विजेचा मीटर कोणत्या भिंतीला आहे, चुलीसाठी आडोसा कोणत्या बाजूला करता येईल, हे सगळे त्यात दिसावे. माझ्या पुतणीच्या लग्नात आम्ही हे केले नव्हते. मंडपवाल्याला फोटो पाठवला तो घराच्या दर्शनी भागाचा. घरापर्यंत पोहोचायला जांभ्या चिऱ्यांची उतरती पाखाडी आहे, हे सांगायचे राहून गेले. आदल्या दिवशी दुपारी ट्रक वरच्या रस्त्यावर येऊन थांबला आणि लोखंडी पाइप, पत्रे, खुर्च्यांच्या चवडी असा सगळा माल वाडीतल्या पोरांनी खांद्यावरून खाली उतरवला. पाइप इतके तापलेले होते की मुलांनी खांद्यावर ओल्या पंचाच्या घड्या ठेवल्या होत्या. हळदीची वेळ झाली तरी मांडवाचे छत चढलेले नव्हते. चूक त्या मंडपवाल्याची नव्हती, ती आमची होती, आणि वरच्या रस्त्यावरून पाखाडीचे एक चित्रीकरण पाठवले असते तर त्याने चार माणसे जास्त आणली असती.

शोध घेताना जिल्ह्याच्या नावाऐवजी तालुक्याचे किंवा बाजारपेठेच्या गावाचे नाव घालावे. मंडणगड आणि राजापूर हे दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातलेच तालुके, पण एक उत्तर टोकाला आणि दुसरा दक्षिण टोकाला आहे. राजापूरच्या लग्नाला मंडणगडचा डेकोरेटर परवडत नाही. ‘मंडप डेकोरेटर्स कणकवली’, ‘केटरर्स चिपळूण’ असा शोध गूगल मॅप्सवर मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही वेळा घ्यावा, कारण गावाकडच्या दुकानांची नोंद कधी एका लिपीत असते, कधी दुसऱ्या. तेथील अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून वाचावेत. एकाच आठवड्यात पडलेल्या आणि एकसारख्या शब्दांच्या दहा स्तुतींपेक्षा, ‘माणसे वेळेवर आली पण वाढपी कमी पडले’ असे लिहिणारा एक अभिप्राय मला जास्त उपयोगी वाटतो, कारण असे लिहिणारा माणूस खरोखर त्या मांडवात उभा राहिलेला असतो. वेडमीगुडसारख्या लग्नाच्या संकेतस्थळांवर मोठ्या शहरांतले आणि रिसॉर्टमध्ये काम करणारे लोक अधिक सापडतात. छायाचित्रकार किंवा मेकअप करणारी शोधायला ती बरी, पण वाडीत चूल मांडणारा आचारी बहुधा तेथे नसतो. तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारल्यावरच मिळतो.

सजावटीचे फोटो पसंत पडले तर ते गूगल लेन्समध्ये टाकून पाहावेत. तोच फोटो जयपूरच्या किंवा उदयपूरच्या एखाद्या पानावर दिसला तर तो या माणसाच्या हातचा नाही, हे लगेच कळते. त्यासाठी वाद घालू नये. ‘आपण मागच्या लग्नसराईत ज्या दोन घरी काम केले त्यांचे नंबर द्याल का?’ एवढेच विचारावे आणि मिळालेल्या नंबरांवर खरोखर फोन करावा. पलीकडून बोलणाऱ्याला फक्त तीन प्रश्न पुरतात: माणसे किती वाजता आली, ठरल्यापेक्षा किती रक्कम जास्त मागितली आणि दुसऱ्या दिवशी सामान कधी उचलले.

आचाऱ्याशी बोलताना व्यवहार ताटावर आहे की मजुरीवर आहे, हे पहिल्या वाक्यातच स्पष्ट करावे. ताटावरच्या व्यवहारात दर माणशी रक्कम ठरते आणि किराणा, भाजी, गॅस हे सारे केटरर आणतो; मजुरीवरच्या व्यवहारात आचारी सामानाची यादी देतो, किराणा आपण भरतो आणि त्याला व त्याच्या हाताखालच्या माणसांना मजुरी देतो. वाडीतल्या बायका नारळ खवायला आणि भाजी चिरायला बसणार असतील आणि बाजारातून सामान आणणारा घरचा भरवशाचा माणूस असेल, तर मजुरीचा व्यवहार स्वस्त पडतो आणि जेवणाला घरची चव राहते. मुंबईहून दोन दिवस आधी पोहोचणाऱ्या कुटुंबाने मात्र या वाटेला जाऊ नये. कोणत्याही व्यवहारात वाढपी कोणाचे, पिण्याचे पाणी कोण आणणार, टँकर लागला तर त्याचे पैसे कोणाचे आणि पंगत केळीच्या पानांवर की बुफे, हे विचारून घ्यावे. आयत्या वेळी थर्माकोलच्या पत्रावळ्या आणू नयेत म्हणून तेही सांगून ठेवावे; महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे. आणि एक विनंती मनापासून करतो: गावच्या आचाऱ्याला शहरातल्या जेवणाची छापील यादी पाठवू नका. त्याला काळ्या वाटाण्याचे सांबारे, वडे, अळूचे फतफते आणि सोलकढी करू द्या, कारण तो त्यात तयार असतो आणि पाहुणे नेमके तेच आठवत जेवायला आलेले असतात.

पैशांची पद्धत आधी ठरवून मगच विसार द्यावा. एकदम अर्धी रक्कम मागणाऱ्या अनोळखी माणसाला थोडा विसार, सामान उतरल्यावर दुसरा हप्ता आणि लग्नानंतर उरलेली रक्कम, असे सुचवावे. धंद्यातला माणूस बहुधा ते मान्य करतो. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव उमटते ते दुकानाच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय पिन टाकू नये. ‘विसार परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असे कोणी म्हटले तर फोन ठेवून द्यावा, कारण पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो. महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो, त्यामुळे सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या लग्नाला गोव्यातून माणसे सांगताना ते सहज तपासता येते. लहान व्यावसायिकाकडे हा क्रमांक नसला तर त्यात काही वावगे नाही. मोठ्या केटररकडे मात्र एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक मागावा.

समुद्रकिनाऱ्यावर लग्न करायची हौस अलीकडे वाढली आहे. तेथे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, म्हणून ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि पोलीस ठाणे येथे विचारल्याशिवाय कोणत्याही इव्हेंटवाल्याच्या ‘परवानगी आम्ही बघतो’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. भरतीचा हिशेब किनाऱ्यावरचे लोक पंचांगावरून करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, म्हणजे चतुर्थीला ३ आणि अष्टमीला ६. पौर्णिमेला किंवा अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असल्याने वाळू ऐसपैस मोकळी दिसते आणि फोटोही सुरेख येतात, परंतु त्याच दिवशी दुपारी बाराच्या आसपास उधाणाचे पाणी वरपर्यंत चढून गेलेले असते. सकाळी खालच्या वाळूत रोवलेले खांब त्या पाण्यात सापडतात. म्हणून डेकोरेटरला जागा दाखवताना उधाणाने सोडलेली काडीकचऱ्याची रेघ दाखवावी आणि मांडव तिच्या वर घालायला सांगावा. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर रात्रीचे झगझगीत दिवे लावूच नयेत, कारण अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात.

मेच्या अखेरची तारीख असेल तर पत्र्याचा मांडव आणि पुढे ढकलण्याची अट या दोन गोष्टी सोडू नयेत. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये या किनाऱ्याजवळून गेले आणि त्याआधी निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वादळामुळे तारीख बदलली तर विसार नव्या तारखेला धरला जाईल, असे एक वाक्य लिहून घ्यायला काहीच खर्च येत नाही.

कागदपत्रांचे काम थोडे आहे. ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद करावा लागतो, हे बँजोवाल्यालाही सांगावे. विवाहनोंदणी गावात ग्रामपंचायतीकडे होते. अर्जावर तीन साक्षीदारांबरोबर भटजींचीही सही लागते, म्हणून भटजी दूरच्या गावाहून बोलावले असतील तर अक्षता पडल्यावर ते निघून जाण्यापूर्वीच ती घ्यावी.

फोनवर जे ठरेल ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पूर्ण वाक्यांत लिहून पाठवावे: तारीख, सामान पोहोचण्याची वेळ, माणसांची संख्या, एकूण रक्कम, दिलेला विसार आणि जनरेटरचे डिझेल कोणाचे. समोरून नुसता अंगठा आला तरी पुरे मानू नये. ‘मान्य आहे’ असे शब्द मागावेत. लग्नाच्या आठवड्यात ही सगळी बोलणी आणि नंबर एका कागदावर उतरवून त्याच्या तीन प्रती काढाव्यात, कारण कित्येक वाड्यांत फोनला रेंज मिळते ती फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. एक प्रत मांडवात, एक चुलीपाशी आणि एक भांडी मोजून घेणाऱ्याकडे असावी. टोप, परात, पळ्या उतरवतानाच मोजून आकडे त्या कागदावर लिहावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, टेम्पोवाल्यासमोर, त्याच माणसाने ती पुन्हा मोजून द्यावीत.