मध फसफसतो, पेटी ओस पडते: या चुका टाळा

बरणीचे झाकण उघडताच फस्स आवाज येतो, वर फेस दिसतो, आंबूस वास सुटतो. दोष बरणीला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक काढणीच्या दिवशीच झालेली असते. फुलातल्या मकरंदात पुष्कळ पाणी असते. माश्या पंखांनी वारा घालून ते आटवतात आणि मध पिकला की पोळ्यातल्या घरावर मेणाचे झाकण चढवतात. उघड्या घरांचे पोळे घाईने मधयंत्रात फिरवले की आंबवणाऱ्या यीस्टला हवे तेवढे पाणी आयतेच मिळते. किमान तीन चतुर्थांश घरे बंद दिसल्याशिवाय चौकट काढू नका. दमट हवेत सातेरी माशीच्या (पेटीत पाळली जाणारी देशी मधमाशी) बंद घरांतला मधही पातळ निघू शकतो, म्हणून झाकणावर भिस्त न ठेवता मधातले पाणी रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणाने मोजा. नियमानुसार पाणी 20 टक्क्यांच्या वर चालत नाही. 18 च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. काढणी कोरड्या दिवशी दुपारी करा, गाळलेला मध लगेच हवाबंद भरा आणि ओला चमचा बुडवू नका, कारण मध हवेतलेही पाणी ओढतो.

फसफसलेला मध उकळून वाचवायचा मोह होतो. यीस्ट मरते, पण मधाचे बळही जाते. कामकरी माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून मधात ग्लुकोज ऑक्सिडेझ नावाचे एन्झाइम उतरते. मधात पाणी मिसळले की ते ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. म्हणजे घट्ट मध जंतूंना मुख्यतः साखर आणि आंबटपणाने रोखतो, पातळ झाला की पेरॉक्साइडने. हे एन्झाइम उष्णतेने आणि उजेडाने निकामी होते. (न्यूझीलंडच्या मानुका मधाचे बळ मुख्यतः मिथाइलग्लायॉक्झाल या वेगळ्याच घटकामुळे, त्याचे गणित निराळे.) मध गोठला म्हणजे भेसळ, असे समजू नका. बरणी 40 अंशांच्या पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळा. थेट गॅसवर नको, खिडकीतल्या उन्हातही नको.

स्वयंपाकघरातला मध जखमेवर लावू नका. त्यात क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मध त्यांना वाढू देत नाही, पण मारतही नाही. जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. याच बीजाणूंमुळे एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवायचे नाही, मग घरची रीत काहीही असो.

आता माश्यांच्या पेटीकडे. माश्यांना पावसाळ्यात उपाशी ठेवले की त्या पेटी सोडून जातात. 1 लिटर पाण्यात 1 किलो पांढरी साखर विरघळवून पाक थंड करा आणि संध्याकाळी पेटीच्या आतच ठेवा. बाहेर सांडला तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटालूट करतात. गूळ नको, त्याने हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच नको, त्यातून फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगाचे जंतू येऊ शकतात. वरची मधाची कोठी चढवलेली असताना पाक दिलात तर तोच पुढे मध म्हणून बरणीत येतो. एक गोष्ट मात्र पाकातून मिळत नाही: प्रथिने. ती परागातून येतात, आणि परागात विविधता असेल तर माश्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेझही अधिक सक्रिय आढळते. म्हणून आसपास फुलोरा टिकवणे हेही पेटीचेच काम.

सातेरीत सर्वांत घातक चूक म्हणजे मेलेल्या अळ्या दिसताच टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घालणे. आधी अळी बघा. ती घरात ताठ पडलेली, डोके वर आलेले, आणि चिमट्याने उचलताच पाणी भरलेल्या पिशवीसारखी अख्खी निघाली, तर तो थाई सॅकब्रूड, म्हणजे विषाणूमुळे होणारा अळ्यांचा रोग. प्रतिजैविक त्याच्यावर चालत नाही, मधात अंश मात्र उरतात. आजारी पोळी काढून जाळा, राणीला साधारण 2 आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवा, जमल्यास निरोगी वसाहतीतली नवी राणी द्या, आणि त्या पेटीची अवजारे दुसरीकडे नेऊ नका. कोवळी अळी वेटोळ्यातच पिवळी पडून आंबट वास येत असेल तर युरोपीय फाउलब्रूडची शक्यता. तिथे जाणकाराकडून नमुना तपासून घ्या.

पोळ्यात जाळी दिसली तर मेणकिडा, म्हणजे पोळे खाणाऱ्या पतंगाची अळी. तो बहुधा दुबळ्या वसाहतीत शिरतो, म्हणून माश्यांनी न झाकलेली पोळी काढून जागा आटोपशीर करा आणि तळफळी दर आठवड्याला खरवडा. काढलेली चांगली पोळी 48 तास डीप फ्रीजरमध्ये ठेवून मग घट्ट बांधा. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांचा वास मेणात मुरतो आणि पुढच्या हंगामाच्या मधात उतरतो.