शाळेचं अनुदान आलं किती, गेलं कुठं? हिशोब बघण्याची रीत

अधिवेशनात शिक्षणाच्या खर्चावरून खडाजंगी झाली की ‘राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर’ हा आकडा हमखास निघतो. कोठारी आयोगानं तो १९६६ साली सांगितला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो पुन्हा आला. त्या टक्केवारीचं व्हायचं ते दिल्ली-मुंबईत होईल. पण सांगोल्याच्या वस्तीशाळेत किंवा अक्कलकोटच्या सीमेवरच्या शाळेत यंदा किती रुपये आले, हे गावातच बसून तपासता येतं. त्यासाठी चार कागद लागतात: यूडायसचा (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा) पट, कॅशबुक, साठा नोंदवही आणि शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त.

सुरुवात पटापासून करा, कारण पैसा पटावर ठरतो. शाळेच्या भिंतीवर अकरा अंकी यूडायस क्रमांक लिहिलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७३० ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की पट, खोल्या, स्वच्छतागृहं दिसतात. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला असं मिळतं: पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्यापुढं एक लाख. या कमाल रकमा आहेत. हातात कमी पडले म्हणजे कोणी खाल्लेच, असं नाही. म्हणून आधी तालुक्याहून आलेला अनुदान वितरणाचा आदेश मागा आणि त्यातला आकडा धरून चाला.

तीस आणि एकतीस यांच्यात एका पोराचा फरक, पण रकमेत १५ हजारांचा. पटाची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. गडबड होते ती इथंच. मूल तुमच्या वर्गात बसतं, पण ऑनलाइन नाव जुन्या शाळेतच अडकलेलं असतं. नाहीतर आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही. ऑगस्टच्या सभेत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, ‘सर, किती नावं अडकलीत?’ आणि त्या पालकांना आधार केंद्रावर पाठवा. (साखर कारखान्यांचे बॉयलर पेटल्यावर माळशिरस-माढ्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी मुलं या तारखेनंतर येतात. ती तुमच्या वर्गात बसली तरी त्या वर्षीच्या पटात नसतात.)

आता समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांमधून निवडायचा, सचिव मुख्याध्यापक, बैठक दरमहा. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, महापालिकेच्या शाळांना मात्र आहे. सोलापूर शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. इतिवृत्त कळत नसेल तर सभेत मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचं असेल तर वही घरी आल्यावर चहाच्या कपाबरोबर सही ठोकण्याची लाज वाटावी. कोऱ्या पानावर सही केली की वर्षभराचे प्रश्न तुम्हीच बुजवले.

अनुदान बहुतेकदा वर्षाच्या शेवटी येतं. केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असे हिस्से जमतात, मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला) वर गेलेलं लागतं, त्यात महिने जातात. जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा उलगडली तरी शाळेला पत्ता नसतो. शिवाय आता शाळेच्या खात्यात पैसा पडून राहत नाही. शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे मिळेल ते घेतलं जातं आणि कपाटात तीन वर्षांचे खडू साचतात.

यावर उपाय म्हणजे जुलैतच ठराव करून ठेवणं. समजा तुमचं अनुदान २५ हजार आहे. त्यातला किमान दहावा हिस्सा, म्हणजे अडीच हजार, स्वच्छतेवर खर्चायचाच आहे. त्यानंतर थकलेलं लाइटबिल, मग पाण्याची टाकी आणि नळ, बंद पडलेला संगणक किंवा प्रोजेक्टर, उरलं तर शैक्षणिक साहित्य. क्रम ठरवा, प्रत्येक वस्तूचे तीन दुकानांचे दरपत्रक जोडा. पैसा उशिरा आला तरी खरेदी दोन दिवसांत होते.

एप्रिलमध्ये कॅशबुक आणि साठा नोंदवही शेजारी ठेवून बसा. कॅशबुकातल्या प्रत्येक खर्चाला व्हाउचर हवं, आणि वस्तू टिकणारी असेल तर साठा नोंदवहीत तिची नोंद हवी. क्रीडा अनुदान प्राथमिकला ५ हजार आणि उच्च प्राथमिकला १० हजार असतं. बिलात सहा चेंडू असतील तर कपाटात सहा मोजा, फुटलेला असेल तर फुटलेला दाखवायला सांगा. ‘किरकोळ साहित्य’ एवढ्यावरच उरकलेलं बिल, तारीख नसलेली पावती, एकाच हस्ताक्षरातली तीन दरपत्रकं, हे बघून थांबा.

थांबा म्हटलं, ओरडा म्हटलं नाही. कितीतरी मुख्याध्यापक सप्टेंबरात खिशातून लाइटबिल भरतात आणि मार्चमध्ये ते वळतं करतात. तारखा जुळत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळतं. आरोपानं सुरुवात केली तर पुढच्या सभेला कॅशबुक ‘ऑडिटला गेलेलं’ असतं.

दोनदा मागूनही कागद दिसले नाहीत तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी पंचायत समितीतलं गटशिक्षणाधिकारी कार्यालय, शहरातल्या महापालिका शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. ‘पैशांचा गैरवापर का झाला?’ असं लिहिलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण कारणमीमांसा देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. मागायची ती प्रत. असं लिहा: ‘अमुक शाळेच्या अमुक आर्थिक वर्षातील संयुक्त शाळा अनुदानाचा वितरण आदेश, कॅशबुकची पानं, सर्व व्हाउचर आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या छायांकित प्रती द्याव्यात.’ मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. तिथंही काही झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं.

या अनुदानातून नवी खोली किंवा कंपाउंड होत नाही, त्यावर सभा घालवू नका. शिक्षक कमी असतील तर संच मान्यतेची (शाळेला किती शिक्षक मंजूर त्या आदेशाची) प्रत मागा: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हा कायद्यातला हिशोब. बांधकामं शाळा विकास आराखड्यात घाला, तोच ठराव ग्रामसभेत ठेवून ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घ्यायला लावा. आराखडा डिसेंबरपर्यंत पंचायत समितीत द्या, शिक्क्यासह पोच घ्या, आणि पोचेची प्रत अध्यक्षांच्या घरी ठेवा. शाळेतली फाइल मुख्याध्यापकांच्या बदलीत सापडेनाशी होते.