बदली आली की कपाटाचं काय करायचं

बँकेतली नोकरी, बारा वर्षांत सहा गावं, भोकर, औसा, लातूर, हिंगोली, परभणी आणि आता अंबाजोगाई, त्यामुळं कपडे कसे कमी करावेत हे सांगायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजते.

आधी एक, सगळं कपाट एकदम पलंगावर ओतू नका. रात्री अकराला तो ढीग बघून रडू येतं आणि मग जसंच्या तसं परत कोंबतो आपण. एका दिवशी एकच कप्पा काढायचा.

आणि सुरुवात आहेराच्या साड्यांपासून करा. आपल्याकडं लग्नात साडी, वास्तुशांतीला साडी, डोहाळजेवणाला साडी, माझ्या 58 पैकी 31 साड्या मी स्वतः घेतलेल्याच नव्हत्या! घडी मोडली नसेल तर पुढच्या आहेरात लावा, फक्त कोणी दिली त्याची चिठ्ठी आत ठेवा, नाहीतर मावशीची साडी मावशीलाच जाते, माझं झालंय, बोलल्या काही नाहीत पण काठावरून बरोबर ओळखलं त्यांनी. ब्लाउजपीस तर मोजूच नका, ओटीत आले, ओटीतच जाऊ द्या.

मग पाण्याचा हिशोब. एप्रिल 2016 ला मी लातुरात होते, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं तेव्हा, टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असताना डोक्यात आलं की कडक स्टार्चच्या कॉटनच्या साड्या आपल्याला परवडत नाहीत, पैशानं परवडतात, बादल्यांनी नाही. तेव्हापासून एका बादलीत निघेल तोच रोजचा कपडा ठेवते. पांढरं तर घेतच नाही, बोअरच्या जड पाण्यानं लवकरच पिवळट पडतं.

मे महिन्यात 42-43 डिग्री, त्यासाठी सहा सुती कुर्ते पुरतात. परभणीची थंडी मात्र हलक्यात घेऊ नका, एक चांगला स्वेटर आणि एक शाल लागतेच, पण चार स्वेटर कशाला.

पैठणी एकच ठेवलीय, लग्नातली. हँगरला लटकवत नाही, जुन्या सुती धोतरात गुंडाळते आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलते, नाहीतर जर घडीवर चिरते. डांबरगोळी जरीजवळ नको, कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत ठेवला की बास.

आता अवघड ढीग, "बारीक झाल्यावर घालीन" वाला. माझी एक जीन्स चार गावं फिरली, अंगात एकदाही गेली नाही. परभणीत ती हातात घेऊन बसले तेव्हा कळलं, ही माझी नाहीच, ही औशातल्या त्या मुलीची आहे जी रात्री दोनपर्यंत जागून एमपीएससीचा अभ्यास करायची आणि या नोकरीत फक्त वर्षभरच राहणार होती. जीन्स देऊन टाकली. पुस्तकं अजून माळ्यावर आहेत, तो विषय वेगळा.

जुने कपडे बोहारणीला देताय तर सांभाळून, मी दिले आणि टेम्पोत दोन पातेली आणि एक डबा वाढला, म्हणजे कमी काय झालं?

आईच्या साड्या गेल्यावर्षीपर्यंत पेटीतच होत्या, तीन वर्षं नुसत्या उघडून बघायच्या आणि परत बंद करायच्या. शेवटी वाकळ शिवायला दिल्या. शिवणाऱ्या मावशी म्हणल्या, "बाई, चांगल्या हायत की, फाडायलीस कशाला?" मग एक हिरवी परत काढून घेतली, बाकीच्यांची वाकळ झाली. आता टेम्पोत ती सगळ्यात शेवटी चढवते म्हणजे उतरताना आधी हातात येते, कारण नव्या घरात पहिल्या रात्री पलंग जोडलेला नसतो आणि फरशीवर अंथरायला तीच लागते.