निवडणुकीचे व्यंगचित्र: आधी वाक्य, मग रेषा

निवडणुकीवर व्यंगचित्र काढायला बसल्यावर पेन्सिल उचलण्यापूर्वी एक वाक्य लिहून काढावे: कोणी नेमके काय केले आणि त्यात विसंगती कोणती. "नेते संधिसाधू असतात" हे असे वाक्य नव्हे, कारण त्यावरचे चित्र कोणत्याही गावात, कोणत्याही वर्षी चालेल. "ज्या पक्षावर कालपर्यंत टीका केली, त्याच पक्षाचे उपरणे आज उमेदवाराने गळ्यात घातले" हे वाक्य मात्र चित्राला पुरते, आणि ते खरे आहे की नाही हे त्याच्या जुन्या भाषणांवरून तपासता येते. जे तपासता येत नाही त्यावर चित्र काढू नये. अफवेवर काढलेले चित्र, पुढे दिलगिरी छापली तरी, वाचकाच्या मनातून जात नाही.

या वाक्यावर सुचणारी पहिली कल्पना बहुधा सरड्याची असते. ती सोडून द्यावी, कारण वाचकालाही तीच सुचलेली असते. कोल्हापुरात कुस्तीचेही तसेच झाले आहे: दोन उमेदवारांना खासबागेच्या तांबड्या मातीत उभे केले की चौकट भरते, परंतु ते कोणत्या मुद्द्यावर लढत आहेत हे कळत नाही. त्यापेक्षा पंचगंगेचा घाट घ्यावा. दोरीवर चार पक्षांची उपरणी वाळत आहेत आणि कार्यकर्ता विचारतो आहे, "सायेब, आज कंचं देऊ?" उपरणी धुणे म्हणून दिसली की पक्षबदल हा रोजचा व्यवहार झाल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे, एकमेकांना जाहीर चर्चेसाठी "बिंदू चौकात या" असे आव्हान देऊन कोणीच तिकडे फिरकले नाही, तर चौकात दोन रिकाम्या खुर्च्या काढाव्यात आणि माणसे काढूच नयेत.

जागेची निवड किती बोलते हे शिकण्यासाठी व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचे डिसेंबर १९७५ मधील चित्र पाहावे. आणीबाणीत 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलेल्या त्या चित्रात राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद टबात आंघोळ करता करता अध्यादेशावर सही करून तो दाराबाहेर देत आहेत. सारी टीका त्या न्हाणीघरात आहे; चेहऱ्याची विटंबना करण्याची गरजच पडलेली नाही.

निवडणूक चिन्हे वापरताना आता अधिक काळजी घ्यावी लागते. धनुष्यबाण २०२३ मध्ये शिंदे गटाकडे गेला आणि ठाकरे गट मशाल घेऊन उतरला; २०२४ मध्ये घड्याळ अजित पवार यांच्या गटाला मिळाले आणि शरद पवार यांच्या पक्षाकडे तुतारी वाजवणारा माणूस आला. त्यामुळे नुसते जुने चिन्ह काढल्यास वाचक गोंधळतो; सोबत ओळखू येणारा चेहरा द्यावा, आणि तोही साधत नसेल तर उपरण्यावर पक्षाचे नाव सरळ लिहावे.

अर्कचित्रात नाक, मिशी, चष्मा, चालण्याची ढब खुशाल वाढवावी. जात, अपंगत्व आणि घरातील स्त्रिया यांना मात्र हात लावू नये. प्रतिपक्षावरील टीका धोरणे, कार्यक्रम आणि पूर्वीची कामगिरी यांपुरती ठेवावी, असे आदर्श आचारसंहिता पक्षांना व उमेदवारांना बजावते; चित्रकाराने ही मर्यादा आपणहून पाळावी, कारण तिच्या आत राहूनच टीका अधिक झोंबते. आपण कोणावर किती चित्रे काढली याची वहीही ठेवावी. प्रचाराच्या महिन्यात एकाच पक्षावर सलग चित्रे होत असतील, तर आपली रेषा दुसऱ्या पक्षाच्या प्रचाराला लागली आहे काय, हे स्वतःला विचारावे.

शाई चढवण्यापूर्वी कच्चे रेखाटन पेठेतल्या अशा माणसाला दाखवावे, जो त्याच नेत्याचा कट्टर समर्थक आहे, आणि काहीही न सांगता गप्प बसावे. "हा कोण?" असे त्याने विचारले तर चित्र पुन्हा काढावे. "हे खोटं आहे" असे तो म्हणाला तर मूळ वाक्य पुन्हा तपासावे. तो रागावला, पण खोटे काय हे त्याला सांगता आले नाही, तर शाईची बाटली उघडावी आणि सहीखाली तारीख घालायला विसरू नये, कारण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या दोरीवरील उपरणी बदललेली असतील.